वाचनालयातला उतारा

गेल्या महिन्यात एक निवृत्त शिक्षक ओपीडीत आले. रक्तदाबाचे माझे जुने रुग्ण. हिवाळाभर शिकागोला मुलाकडे राहून नुकतेच परतले होते. तपासणी झाली, गोळ्या लिहून झाल्या, तेव्हा त्यांनी पिशवीतून एक छोटं खोकं काढून टेबलावर ठेवलं.

"मुलगा-सून कामावर गेले की मी जवळच्या वाचनालयात जाऊन बसायचो," ते म्हणाले. "तिथे भिंतीवरच्या पेटीत ही खोकी ठेवलेली असतात. फुकट. कुणी नाव विचारत नाही, सही घेत नाही. नाकात मारायचा स्प्रे आहे. मला धुळीची सर्दी, म्हटलं एक घेऊन ठेवावं. वापरू ना?"

खोक्यावर औषधाचं नाव होतं नॅलॉक्सोन. आत चार-चार मिलिग्रॅमचे दोन स्प्रे.

"सर, हे सर्दीचं नाही. अफूच्या जातीच्या औषधानं ज्याचा श्वास बंद पडत आलाय, त्याचा श्वास परत आणायचं औषध आहे."

सरांनी हात मागे घेतला. "म्हणजे गर्दुल्ल्यांचं? वाचनालयात?"

बाहेर रांग मोठी होती. मी त्यांना म्हटलं, सवडीनं सांगतो. आज सांगतो आहे, कारण मुलांकडे अमेरिकेत जाऊन राहणारे आणि नातवंडांना घेऊन तिथल्या वाचनालयात जाणारे त्यांच्यासारखे अनेक आजी-आजोबा हे सदर वाचत असणार. भिंतीवरची ती पेटी त्यांनीही पाहिली असेल.

आधी औषधाबद्दल. अफू, मॉर्फिन, हेरॉइन, ट्रामाडॉल, ऑक्सिकोडोन, फेंटानिल ही सगळी एका कुळातली. या कुळाला ओपिऑइड म्हणतात. वेदना शमवण्यात त्यांच्या तोडीचं दुसरं काही नाही. पण मेंदूच्या तळाशी, मान सुरू होते त्याच्या थोडं वर, श्वासाचं नियंत्रण करणारं केंद्र असतं, आणि ही औषधं त्याच्यावरही काम करतात. आपण श्वास घेतो तो आठवणीनं नव्हे. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठू लागला की हे केंद्र आपल्याला श्वास घ्यायला लावतं. पाण्याखाली दम कोंडला की जी तडफड होते, ती याच केंद्राची हाकाटी. ओपिऑइडची मात्रा जास्त झाली की ही हाकाटी मंदावते. मिनिटाला चौदा-सोळा श्वास घेणारा माणूस सहावर येतो, चारवर येतो, मग थांबतो. त्याला गुदमरल्यासारखं वाटतच नाही. बाजूला बसलेल्याला वाटतं, गाढ झोपलाय, घोरतोय. ओठ निळे पडेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही, आणि प्राणवायू पूर्ण तुटला की चार-पाच मिनिटांत मेंदूला इजा व्हायला सुरुवात होते.

नॅलॉक्सोन काय करतं? एसटीत जागेसाठी कशी झटापट चालते, ते आठवा. मेंदूतल्या पेशींवर ओपिऑइडच्या ठरलेल्या जागा असतात. हेरॉइन किंवा फेंटानिल तिथे ऐसपैस बसलेलं असतं. नॅलॉक्सोन त्याच जागेवर त्याच्यापेक्षा घट्ट बसतं आणि त्याला उठवतं, पण स्वतः काहीच करत नाही. ना नशा, ना गुंगी. नुसतं बसून राहतं. दोन-तीन मिनिटांत श्वास सुरू होतो. फक्त एक अडचण आहे. नॅलॉक्सोनचा प्रवास छोटा. अर्ध्या ते दीड तासात ते उतरून जातं, आणि उठवलेला प्रवासी अजून गाडीतच उभा असला तर पुन्हा जागेवर बसतो. म्हणून स्प्रे मारल्यावर रुग्ण उठून बसला तरी त्याला एकटं सोडायचं नाही, दवाखान्यात न्यायचंच. ज्याच्या शरीरात ओपिऑइड नाहीच, त्याला चुकून दिलं तर काही होत नाही. आमच्या सरांनी सर्दीसाठी वापरलं असतं तर सर्दी तशीच राहिली असती, एवढंच.

हे औषध नवं नाही. १९६१ मध्ये जॅक फिशमन आणि मोझेस लेवेनस्टाइन यांनी न्यूयॉर्कमध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. १९७१ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. पुढची कित्येक वर्षं ते आमच्यासारख्यांच्याच ताब्यात राहिलं: भूलतज्ज्ञ, अपघात विभाग, रुग्णवाहिका. फिशमन यांच्या सावत्र मुलाचा २००३ मध्ये हेरॉइनच्या ओव्हरडोसने मृत्यू झाला. ज्यानं उतारा शोधला, त्याच्या घरातल्या मुलापर्यंत तो वेळेत पोचला नाही. आपण काही वर्षं आधी हे वाचलं असतं तर दैवगती म्हणून सोडून दिलं असतं. मी आज तसं म्हणत नाही, आणि त्याला कारण आहे.

नव्वदच्या दशकात मी एका सरकारी रुग्णालयात निवासी डॉक्टर होतो. एका रात्री दोन पोरांनी तिसऱ्याला रिक्षातून आणलं, स्ट्रेचरवर टाकलं आणि ती पसार झाली. विशीतला मुलगा. ओठ काळेनिळे, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, श्वास मिनिटाला चार. मी तोंडावर मास्क धरून फुगा दाबत राहिलो आणि माझ्या सीनियरनं शिरेतून नॅलॉक्सोन दिलं. दोन मिनिटांत तो मुलगा ताडकन उठून बसला, ओकला आणि त्यानं आम्हाला इतक्या शिव्या दिल्या की ब्रदरला त्याला धरून ठेवावं लागलं. त्याची नशा आम्ही उतरवली होती ना! वैद्यकात इतक्या झटपट मेलेला माणूस जिवंत होताना फार कमी वेळा दिसतं.

त्याच वर्षी दुसरा मुलगा आला. तोही रिक्षातून. रिक्षावाल्यानं सांगितलं, एका चाळीच्या जिन्यात अर्धा तास पडून होता. मित्र वर उभे राहून भांडत होते, दवाखान्यात कोण नेणार आणि पोलिसांनी विचारलं तर काय सांगणार. आमच्या कपाटात तीच अँप्यूल होती. मी तपासलं तेव्हा अंग थंड पडलं होतं. केसपेपरवर 'मृतावस्थेत आणले' असं लिहिलं आणि त्या मित्रांना मनातल्या मनात भित्रे म्हणालो. पुढे पंचवीस-तीस वर्षं माझं तेच मत होतं.

या दोन मुलांमध्ये फरक औषधाचा नव्हता. फरक होता अर्ध्या तासाचा, आणि त्या वेळात शेजारी असलेल्यांच्या हातात काय होतं याचा. नॅलॉक्सोनची गंमत म्हणा की दुर्दैव, ज्याला ते लागतं तो स्वतः ते घेऊ शकत नाही, कारण तो बेशुद्ध असतो. ते कायम दुसऱ्याच्या हातातलं औषध असतं. तो दुसरा बहुतेकदा डॉक्टर नसतो. मित्र असतो, आई असते, वाटसरू असतो. किंवा ग्रंथपाल.

अमेरिकेत ग्रंथपालांवर ही वेळ का आली, ते समजायला तिथलं वाचनालय म्हणजे काय हे थोडं सांगायला हवं. आपल्याकडे वाचनालय म्हटलं की वर्गणी, अनामत, संध्याकाळी वर्तमानपत्र वाचणारे चार काका आणि दिवाळी अंकांची यादी डोळ्यांपुढे येते. तिथे सार्वजनिक वाचनालय सगळ्यांना मोफत खुलं असतं. हिवाळ्यात ऊब, उन्हाळ्यात गारवा, इंटरनेट, स्वच्छतागृह, बसायला खुर्ची, आणि काही विकत न घेता तासन् तास बसायची मुभा. शहरात अशी दुसरी जागा जवळपास उरलेली नाही. त्यामुळे शाळा सुटलेली मुलं तिथे येतात, नोकरी शोधणारे येतात, आमच्या सरांसारखे परदेशातून आलेले आजोबा येतात, आणि डोक्यावर छप्पर नसलेलेही येतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्रंथालयानं २००९ मध्येच पूर्णवेळ समाजसेविका नेमली होती.

त्यात ओपिऑइडची साथ आली. साथच म्हणायची. नव्वदच्या दशकात वेदनाशामक गोळ्या सढळ हातानं लिहिल्या गेल्या. त्यात आमच्या व्यवसायाचा मोठा वाटा आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. १९९६ मध्ये बाजारात आलेल्या ऑक्सिकॉन्टिनचा प्रचार ज्या पद्धतीनं झाला, त्याबद्दल ते बनवणाऱ्या पर्ड्यू कंपनीनं २००७ मध्ये न्यायालयात गुन्हा कबूल केला. गोळ्या महाग आणि दुर्मीळ झाल्या तेव्हा लोक हेरॉइनकडे वळले, आणि २०१३ च्या सुमारास फेंटानिल आलं. फेंटानिल मॉर्फिनच्या सुमारे शंभर पट तीव्र. मिठाच्या काही कणांएवढा फरक जीव घेतो. अमेरिकेत २०२२ या एका वर्षात सर्व प्रकारच्या ओव्हरडोसने सुमारे १ लाख ८ हजार माणसं गेली, त्यातली तीन-चतुर्थांश ओपिऑइडने.

फिलाडेल्फियातल्या केन्सिंग्टन भागात मॅकफर्सन स्क्वेअर नावाची बाग आहे आणि बागेच्या मधोमध एक सुंदर खांबांचं वाचनालय. कार्नेगीच्या देणगीतून शंभर वर्षांपूर्वी उभं राहिलेलं. केन्सिंग्टन हा त्या देशातला हेरॉइनचा कुप्रसिद्ध बाजार. बागेत सुयांचा इतका खच पडे की लोक तिला सुयांची बागच म्हणू लागले. वाचनालयाच्या स्वच्छतागृहात टाकलेल्या सुयांनी एकदा सांडपाण्याची नळी तुंबली आणि वाचनालय काही दिवस बंद ठेवावं लागलं. आत मुलं गृहपाठ करत असत, आणि बाहेर हिरवळीवर माणसं निळी पडत. २०१७ मध्ये तिथल्या ग्रंथपालांनी आपणहून नॅलॉक्सोन द्यायचं शिकून घेतलं. कुणी धावत आत येऊन सांगितलं की टेबलावरचं पुस्तक बाजूला ठेवून त्या स्प्रे घेऊन बाहेर पळत. त्यांच्या बातम्या तेव्हा जगभर छापून आल्या. त्याच वर्षी फेब्रुवारीत डेन्व्हरच्या मध्यवर्ती ग्रंथालयाच्या स्वच्छतागृहात एक तरुण ओव्हरडोसने मरण पावला, आणि त्या ग्रंथालयानंही हे औषध आणून ठेवलं.

ही बातमी मी वाचली तेव्हा मला ती आवडली नव्हती, हे कबूल करतो. एक तर डॉक्टरी अहंकार: आमचं काम ग्रंथपाल करणार? आणि दुसरा तो नेहमीचा प्रश्न, जो सरांनीही विचारला: उतारा हाताशी आहे म्हटल्यावर माणसं जास्तच नशा करणार नाहीत का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला त्या शिव्या देणाऱ्या मुलानं तेव्हाच दिलं होतं, माझ्या ते लक्षात आलं नाही. नॅलॉक्सोन मिळाल्यावर माणूस सुखानं जागा होत नाही. नशा एका झटक्यात उतरते. उलट्या, घाम, थरथर, अंगाचं कांडात निघाल्यासारखी वेदना. व्यसनी माणूस आयुष्यात सगळ्यात जास्त कशाला घाबरत असेल तर या अवस्थेला. ती फुकट मिळणार म्हणून कुणी जास्तीचा डोस घेत नाही. आणि मेलेल्या माणसाचं व्यसन सुटत नसतं, हा हिशेब तर शाळकरी पोरालाही कळेल.

ग्रंथपालांच्या बाजूनं मात्र एक आक्षेप आहे, तो मला आजही खरा वाटतो. पुस्तकांच्या ओढीनं, कमी पगारावर या पेशात आलेल्या माणसांनी दुपारी दोन वाजता स्वच्छतागृहाचं दार फोडून कुणाला तरी फरशीवर आडवं करावं, हे त्यांच्या नेमणूकपत्रात नव्हतं. आम्हाला अशा रात्रींनंतर निदान सोबत चहा प्यायला दुसरा डॉक्टर असतो. तिथल्या अनेक ग्रंथालय कर्मचाऱ्यांनी या ताणाबद्दल उघड लिहिलं आहे, काहींनी नोकरी सोडली. म्हणून बऱ्याच ठिकाणी हे प्रशिक्षण ऐच्छिक आहे, आणि ते तसंच असावं.

म्हणूनच मला शिकागोची पद्धत जास्त शहाणपणाची वाटते. तिथे २०२२ च्या जानेवारीत शहराच्या आरोग्य विभागानं सुरुवातीला १४ वाचनालयांच्या भिंतीवर पेट्या बसवल्या. पुढे त्या वाढत गेल्या. ग्रंथपालाला काही करावं लागत नाही. पेटी उघडायची, खोकं उचलायचं, निघायचं. कुणासाठी, कशासाठी, विचारत नाही. आमच्या सरांना सर्दीसाठी घेता आलं, ते यामुळेच. त्या न विचारण्यालाच सगळं महत्त्व आहे. औषधाच्या दुकानात जाऊन 'नॅलॉक्सोन द्या' म्हणणं म्हणजे 'माझ्या घरात व्यसनी आहे' असं काउंटरवर जाहीर करणं. कुठली आई ते सहज करेल? वाचनालयात ती पुस्तक बदलायला गेली होती, एवढंच शेजाऱ्यांना दिसतं.

किमतीचाही प्रश्न आहे. २०१८ मध्ये उत्पादक कंपनीनं देशातल्या १६ हजारांहून अधिक सार्वजनिक वाचनालयांना प्रत्येकी दोन मात्रा मोफत देऊ केल्या. कंपनीचं औदार्य मी जरा चिमूटभर मीठ टाकूनच गिळतो. तेव्हा याच स्प्रेच्या दोन मात्रांची छापील किंमत शंभर डॉलरच्या वर होती. मार्च २०२३ मध्ये तिथल्या औषध प्रशासनानं चिठ्ठीशिवाय विक्रीला परवानगी दिली, तेव्हा किंमत ४५ डॉलरच्या आसपास आली. रस्त्यावर राहणाऱ्याला ४५ डॉलरही कुठून परवडणार? न्यू जर्सीत, जिथे आपली मराठी वस्ती मोठी आहे, जानेवारी २०२३ पासून योजनेत सामील झालेल्या औषधदुकानांत १४ वर्षांवरच्या कुणालाही नाव न सांगता हे मोफत मिळतं. आणि इलिनॉय राज्यानं, म्हणजे शिकागो ज्या राज्यात आहे त्यानं, १ जानेवारी २०२६ पासून वाचनालयांना हे औषध बाळगणं कायद्यानंच बंधनकारक केलं आहे.

या सगळ्यानं किती जीव वाचले? २०२४ मध्ये तिथले ओव्हरडोसचे मृत्यू सुमारे ८० हजारांवर आले. एका वर्षात चौथा हिस्सा कमी. त्याचं श्रेय वाचनालयांना देणं भाबडेपणाचं होईल. व्यसनमुक्तीचे उपचार वाढले, बाजारातल्या मालाची तीव्रता बदलली, जे सगळ्यात धोक्यात होते ते आधीच गेले, अशी अनेक कारणं तज्ज्ञ सांगतात. नॅलॉक्सोनचा सुळसुळाट हे त्यातलं एक. ८० हजार हा आकडाही काही समाधानाचा नव्हे.

आता सरांसारख्यांसाठी थोडं कामाचं. अमेरिकेत तुमच्यासमोर कुणी निपचित पडलेला दिसला, हाक मारून, छातीच्या मधल्या हाडावर बोटांच्या पेरांनी जोरात चोळूनही हलला नाही, श्वास अगदी सावकाश किंवा घरघर करत चालला असेल, ओठ-नखं निळसर किंवा राखाडी दिसत असतील, तर आधी ९११ ला फोन करा. त्याला उताणा करा, हनुवटी वर उचला, स्प्रेचं टोक एका नाकपुडीत पूर्ण घालून खालचं बटण एकदाच दाबा. आधी दाबून बघू नका, एका स्प्रेत एकच मात्रा असते. तोंडानं श्वास देता येत असेल तर द्या. दोन-तीन मिनिटांत फरक पडला नाही तर दुसरा स्प्रे दुसऱ्या नाकपुडीत. श्वास सुरू झाला की कुशीवर वळवा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत थांबा. फिलाडेल्फियासारख्या ठिकाणी आता मालात झायलाझिन हे जनावरांचं गुंगीचं औषध मिसळलेलं सापडतं. त्यावर नॅलॉक्सोन चालत नाही. अशा वेळी माणूस श्वास घेऊ लागतो पण जागा होत नाही. घाबरून स्प्रेवर स्प्रे मारू नका. जागा झाला का हे बघायचं नाही, श्वास घेतोय का हे बघायचं.

पोलिसांच्या भीतीचं म्हणाल तर न्यू मेक्सिको राज्यानं २००७ मध्ये कायदा केला: ओव्हरडोसच्या वेळी मदत मागणाऱ्यावर अमली पदार्थ जवळ बाळगल्याचा खटला भरायचा नाही. नंतर बहुतेक राज्यांनी असे कायदे केले. तो कायदा वाचला त्या दिवशी मला जिन्यात भांडणारे ते मित्र आठवले. एकोणीस-वीस वर्षांची पोरं. त्यांना मी इतकी वर्षं भित्रे म्हणत होतो. त्यांची भीती खरी होती, ती घालवण्याचं काम आमच्यासारख्या मोठ्यांचं होतं.

"आपल्याकडेही वाचनालयात ठेवावं का?" असं कुणी विचारेल. मला तसं वाटत नाही. आपल्या वाचनालयांत बेघर माणूस दिवसभर बसू शकत नाही, तेव्हा त्याचा श्वास तिथे अडकण्याचाही प्रश्न येत नाही. (यात अभिमान बाळगण्यासारखं काही आहे का, ते तुम्ही ठरवा.) पण अफू आपल्याला परकी नाही. आमचे बालरोगाचे सर सांगायचे, एके काळी गिरणीत जाणाऱ्या बाया तान्ह्या मुलाला बाळगोळी देऊन झोपवून जायच्या. त्या गोळीत अफू असे, आणि कधी कधी बाळ उठतच नसे. आजचं चित्र पाहायचं तर २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात सुमारे २ कोटी २६ लाख लोक ओपिऑइड घेतात, आणि त्यातल्या ७७ लाखांना मदतीची गरज आहे. ज्या राज्यांत अशा लोकांची संख्या मोठी आहे, त्यांत महाराष्ट्राचं नाव आहे. ट्रामाडॉलच्या गोळ्यांचा इतका गैरवापर होऊ लागला की २०१८ मध्ये तिला अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणावं लागलं.

आपल्याकडे हे औषध कुणाच्या हातात असायला हवं, याचा विचार सापावरच्या लशीसारखा करावा. ती लस फक्त जिल्हा रुग्णालयात ठेवून चालत नाही, प्राथमिक आरोग्य केंद्रात लागते, हे आपण शिकलो, कारण साप शेतात चावतो. तसंच ओव्हरडोस कुठे होतो ते पाहायचं. त्यातला सगळ्यात धोक्याचा काळ बहुतेक घरांना माहीतच नसतो. व्यसनमुक्ती केंद्रातून किंवा तुरुंगातून सुटल्यानंतरचे पहिले काही आठवडे. महिनाभर बंद असल्यानं शरीराची सवय मोडलेली असते. मुलगा घसरला आणि त्यानं पूर्वीचीच मात्रा घेतली तर ती आता त्याला झेपत नाही. पोरगा सुधारून घरी आला म्हणून पेढे वाटले जातात, आणि पंधरा दिवसांत तो जातो. अशा घरातल्या आई-भावाच्या हातात हे औषध आणि ते वापरायचं शिक्षण असायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१४ मध्येच सांगितलंय की ओव्हरडोस पाहण्याची शक्यता ज्यांना आहे, त्या सामान्य माणसांपर्यंत ते पोचवा. आपल्याकडे अजून ते मुख्यतः दवाखान्यातली अँप्यूल आहे.

एक गैरसमज मात्र होऊ देऊ नका. कॅन्सरच्या वेदनांसाठी डॉक्टरांनी मोजून दिलेलं मॉर्फिन हे वरदान आहे. हा लेख वाचून कुणी आजोबांची मॉर्फिनची गोळी बंद करू नये.

सर गेल्यावर त्या दिवशी मी अपघात विभागात गेलो आणि सिस्टरना विचारलं, नॅलॉक्सोन कुठे आहे? त्या म्हणाल्या, आहे ना सर, भरपूर आहे. कुलुपात. मॉर्फिन आणि पेथिडिनच्या कपाटात, त्यांच्याच शेजारी, जणू तीही नशेचीच वस्तू. किल्ली इनचार्ज सिस्टरांकडे, आणि त्या वॉर्डात राउंडला. किल्ली येऊन कपाट उघडेपर्यंत मी घड्याळ पाहत उभा होतो. नऊ मिनिटं लागली. तीस वर्षं मी त्याच कपाटावरून जात-येत होतो. आता दोन अँप्यूल तातडीच्या ट्रॉलीत, ॲट्रोपिनच्या खणात ठेवल्या आहेत. स्टोअरनं त्यासाठी माझ्याकडून लेखी घेतलं.

परवा सर पुन्हा आले, रक्तदाब मोजायला. हे सगळं मी त्यांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे डॉक्टर, मी तिथल्या कुणाच्या तरी वाटचं घेऊन आलो."

मी म्हटलं, पेटी रिकामी झाली की ते पुन्हा भरतात सर, काळजी करू नका. खोक्यावरची मुदत अजून बरीच आहे, हवं तर माझ्याकडे ठेवा.

त्यांना ते पटलं नाही. जूनमध्ये त्यांचा भाचा शिकागोला जातोय. त्याच्याबरोबर परत पाठवणार आहेत. "वाचनालयातून आणलेली वस्तू आहे," ते म्हणाले, "परत करायला नको?"